इसवी खंय रवतत?

"बाई, इसवी म्हणजे कोण?"

नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास, आठवी ब, फळ्यावर ‘इ.स.’ लिहून पुढचा आकडा घालायला मी खडू टेकवलेला, आणि मागच्या बाकावरून अवनीने हे विचारलं. ‘काय’ नाही, ‘कोण’. पोरगी सरळ आहे, चावटपणा करणारी नाही, पण त्या एका शब्दाने तिने माझी पुरती पंचाईत केली. आधी मला हसू आलं, बाईंनी वर्गात हसू नये इतकं, खांदे हलायला लागले. मग ते हसू मध्येच तुटलं आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. उत्तर दोन वाक्यांचं होतं. इसवी म्हणजे ईसाचं, आणि ईसा म्हणजे येशू; शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला, बसा खाली. सावंतवाडीच्या या शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवतेय, हजारदा तो ‘इ.स.’ गिरवलाय, आणि दोन वाक्यं तोंडातून निघेनात. "सुट्टीनंतर सांगते," म्हटलं, आणि घंटा झाल्याझाल्या चक्क पळाले.

तिसरीत असताना मला ते नक्की माहीत होतं. आरोंद्याच्या शाळेत गुरुजी रोज सकाळी फळ्यावर तारीख घालायचे आणि खणखणीत आवाजात वाचायचे, सन इसवी अमुक अमुक. आमच्या गावात दळवी होते, साळवी होते, तेव्हा इसवी हे आडनावच, यात मला काडीची शंका नव्हती. फक्त त्यांचं घर सापडत नव्हतं. वाडीत इसवी नव्हते, बाजारात नव्हते, देवळाच्या मानकऱ्यांत नव्हते, आणि तरी रोज फळ्यावर सगळ्यात वर त्यांचंच नाव. केवढी मोठी माणसं असतील! त्यांचं साल घेऊन आख्खी शाळा चालते म्हणजे काय! शेवटी दाजींना विचारलं. दाजी म्हणजे माझे वडील. गाव त्यांना दाजी म्हणायचं म्हणून आम्हीही. ते होडीत बसून जाळं सांधत होते. "दाजी, इसवी खंय रवतत?" दाजींनी मान वर केली नाही, दातात दोरा होता, नुसतं बोट केलं, खाडीच्या पलीकडे. "थंय. गोंयात." आमच्या तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा, आणि तिथे माडांच्या वरून एका कपेलाचं, म्हणजे त्या लोकांच्या छोट्या चर्चचं, पांढरं टोक दिसायचं. दाजींना काय कळलं होतं आणि काय नव्हतं देव जाणे, कदाचित त्यांना मला कटवायचंच असेल. पण पुढे एम.ए. करताना ईसाचा उलगडा झाला तेव्हा लायब्ररीत बसल्याबसल्या मला वाटलं, अरे, दाजींचं उत्तर बरोबर होतं की!

स्वरूप तेव्हा चार वर्षांचा, माझा धाकटा भाऊ, चालायचा कंटाळा म्हणून सदान्‌कदा माझ्या कडेवर. मी त्याला इसव्यांची सगळी माहिती दिली. त्यांचा माडीचा घर आसा, तेंच्या आवशीक सात सुनो, ते रोज नवा साल काढतत. जी मनात येईल ती. संध्याकाळी आम्ही दोघं खाडीच्या कडेला उभे राहून ओरडायचो, "ओ इसवी! जेवलास काय रे?" एकदा नेमकी तेव्हाच पलीकडची घंटा वाजली. स्वरूप माझ्या मानेला घट्ट धरून म्हणाला, "आयकल्यान गो बाये! आयकल्यान!" त्याच्या तोंडाला भाजक्या बांगड्याचा वास येत होता. तो वास मला अजून येतो, कधीही, पेपर तपासताना, मोती तलावाच्या कट्ट्यावर बसल्यावर, आणि मग त्या तलावालाही पलीकडचा एक काठ असतो, तिथेही कोणीतरी जेवून बसलेलं असतं. "मोठो झालंय काय माज्या होडीन जातलंय मी इसव्यांगेर," असं स्वरूप म्हणायचा. मोठा झाला, होडी झाली. इसव्यांचं कधीच विसरला होता बहुतेक, किंवा विसरला नसेल, विचारायचं राहून गेलं.

सहा वर्षांमागे नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या, आणि रेडीच्या समोर वारा फिरला. होडीत चौघे होते. तीन जण पोहत किनाऱ्याला लागले, स्वरूप लागला नाही. नंतरही काही लागलं नाही, ना कपडा, ना काही. आणि तेव्हापासून आमच्या घरात एक शब्द बंद झाला. आये, माझी आई कृष्णाबाई, स्वरूप ‘गेलो’ असं म्हणत नाही. ती म्हणते, स्वरूप ‘भायर सरलो’. भायर सरणं म्हणजे कामाला निघणं, बाजाराला, दर्यात, कुठेही. जो भायर सरतो तो संध्याकाळी घरी येतो. तिची सगळी कालगणना त्यावर. पडवीची कौलं कधी बदलली, तर स्वरूप भायर सरायच्या आधी. दाजींचा मोतीबिंदू कधी काढला, तर स्वरूप भायर सरल्यावर. बाराव्याचं नाव काढलं तर मासळीची टोपली उचलून चालू पडते. बारावं नाही म्हणून वर्षश्राद्ध नाही, आणि वर्ष सरल्याशिवाय घरात मंगलकार्य नाही, आणि वर्ष तर सुरूच व्हायला तयार नाही. सांगा आता काय करायचं? आमच्यात लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. मी एकदा, फक्त एकदा म्हटलं, आये, चुलतभाऊ आहेत की, त्यातला एखादा पिळील. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच स्वरूपला ढकलून दिलंय. "स्वरूप आसताना दुसरो कोण कित्याक?" मी एकतीस वर्षांची बाई, कमावती, कोर्टात जाऊन लग्न केलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं. पण मी तसं केलं की माझा भाऊ मेला असं मी ठरवलं, माझ्या सोयीसाठी ठरवलं, असं झालं असतं. ते मला जमत नव्हतं. खरं सांगायचं तर आयेची मला भीतीही वाटायची आणि रागही यायचा, आणि दोन्हींच्या खाली मीही वाटच बघत होते.

वाट बघणारा तिसरा यतीन. आमच्याच शाळेत गणित शिकवतो, इथलाच, सावंतवाडीचा. त्या आठवड्यात जो तो दोन हजार सालाने पछाडलेला. कॉम्प्युटर बंद पडणार, विमानं कोसळणार, जग बुडणार. आमच्या शिपायाने तर बायकोचं ऐकून तांदूळ भरून ठेवले. आणि यतीन स्टाफरूममध्ये सगळ्यांना पकडून सांगतोय, अहो, शतक दोन हजारला संपत नाही, दोन हजार एकला नवं लागतं, कारण शून्य साल नव्हतंच! इसवी सनपूर्व एक, आणि त्याला लागून इसवी सन एक, मध्ये काही नाही. लोकांनी चहाचे कप उचलले आणि वऱ्हांड्यात गेले. त्या दिवशी मी वर्गातून पळत आले तर हा जिन्याशी उभा. रत्नागिरीच्या कॉलेजातली नोकरी त्याला मिळाली होती, सुट्टी संपली की जायचं होतं. म्हणाला, "वर्षाली, जगात शून्य साल नाही म्हणून मी भांडतो, आणि चार वर्षं मी राहतोय तिथेच." मग थोडं थांबून, "दोन हजार म्हण, शके एकोणीसशे एकवीस म्हण, तुझ्या आईला पटेल ते म्हण. पण कुठलं तरी एक साल म्हण. नाहीच म्हणायचं असेल तर तेही सांग, मी जाईन." चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. पण तो दमलेला होता. मी आरोंद्याची गाडी पकडली.

मळेवाडपर्यंत खिडकीला डोकं टेकून मी अर्धवट झोपेत होते. बाहेर काजूच्या बागा, ऊन पिवळं, आणि डोक्यात तो रोमचा साधू. मला त्याच्याबद्दल पूर्वीपासून ममत्व आहे. येशूनंतर पाचशे वर्षांनी बसलाय बिचारा ईस्टरच्या तारखा काढत. तेव्हा वर्षं मोजायचे एका बादशहाच्या नावाने, आणि त्याच बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ केलेला. साधूला वाटलं, या मेल्याचं नाव रोज कशाला घ्यायचं? आणि त्याने हिशेब करून सांगून टाकलं, येशूच्या जन्माला इतकी वर्षं झाली, इथून पुढे असं धरा. चुकला. जाणकार म्हणतात चार-सहा वर्षांनी चुकला, म्हणजे येशू ख्रिस्त ख्रिस्तपूर्व काळात जन्मला! पण साल पडलं ते पडलं. याला हसायचं तर आमच्या हेडमास्तरांनाही हसायला हवं. आमच्या वाडीतली निम्मी पोरं शाळेच्या हिशेबाने एक जूनला जन्मली, कारण आया नाव घालायला न्यायच्या तेव्हा तारीख कोणाला येत होती? स्वरूपही एक जूनचा. खरा तो कधीचा, हे मला माहीत नव्हतं. असं कसं माहीत नाही, असं मला त्या गाडीत पहिल्यांदा वाटलं. तो गेला, भायर सरला, जे काय ते, तो दिवस मला झोपेतही सांगता येतो. आला तो दिवस नाही. मग गाडी वळली, खाडी दिसली, आणि झोपेतच मी बघितलं, पलीकडे एक माडीचं घर आहे, ओटीवर स्वरूप बसलाय, ओले केस, आणि एक म्हातारी त्याला वाढतेय. जेवलास काय रे, मी विचारतेय. कंडक्टरने खांद्याला हात लावला. "बाई, आरोंदा इला."

आये मागल्या दारी पायरीवर बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. दाजी खाटेवर. मी हातपाय धुऊन तिच्याजवळ बसले, चार सुंगटं ओढून घेतली, आणि मनात वाक्य जुळवायला लागले. यतीन रत्नागिरीला चाललाय. मी त्याला काय सांगू? एवढंच विचारायचं. तिन्हीसांज झाली होती, भरती लागत होती, आणि पलीकडची घंटा वाजायला लागली. रोजच्यासारखी नाही. थांबेचना.

"आज खंयचा काय?" आयेने विचारलं. "आग बिग लागली काय त्येंका?"

"नाताळ उद्या, आये. त्येंच्या देवाचो जल्म."

"इसव्यांच्या?"

मी दचकले. म्हणजे तिला माहीत होतं. पोरांच्या त्या आरोळ्या तिने इथेच बसून ऐकल्या असणार, आणि पंचवीस वर्षं बोलली नव्हती. "व्हय," म्हटलं, "इसव्यांच्याच. आमी साल लिवतंव ना, एकोणीसशे नव्व्याण्णव, ता तेचाच. तेच्यापासून मोजतत."

"तो मेलो मां?"

"मेलो. मारल्यानी तेका. तरणोच होतो."

"आवस होती?"

"होती. थंयच हुबी होती."

आयेने सुंगटाची शेपटी काढली, कवच टाकलं, दुसरं उचललं नाही. "मगे साल खंयसून धरल्यानी? मेल्यापासून?"

"नाय. जल्मल्यापासून."

घंटा चालूच. दाजींची खाट करकरली, म्हणजे तेही ऐकत होते. मग आये अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आवशीन धरल्यान आसतला ता. बापये मेल्याचो दीस धरून बसतत. आवस तसा करूची नाय."

माझ्या जिभेवर आलं होतं. जन्म जातो तो दुरुस्त्या करण्यात! नाही गो आये, आईने नाही, पाचशे वर्षांनी एका साधूने, आणि तोही चुकला. मी ते गिळलं. आयुष्यात इतिहासाची एक चूक मी जाणूनबुजून तशीच राहू दिली, आणि खोटं कशाला बोलू, मला वाटलं हिचंच खरं असेल. साधूने नुसता आकडा घातला. मोजत कोणीतरी आधीपासून असेलच ना?

"शिमगो होतो," आये म्हणाली. ती खाडीकडे बघत होती. "होळी घातल्यानी आणि माज्या पोटात कळ इली. रेडीक तेवा खाणीतले मातयेची आगबोट लागलेली, सगळे बापये ती बगूक गेलेले. हो तुजो बापूसय. तू हयसरच खेळत होतस, ह्याच पायरेर. सुईण येय सर झीलच इलो. इतके केस डोक्यार! ओले. माका वाटला, हो दर्यातसूनच इलो." ती हसली. सहा वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. ओल्या बोटांवर तिने काहीतरी मोजलं, चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी मदत केली नाही. "अठ्ठाविसावा चालू आसा," ती म्हणाली. "स्वरूपाचा अठ्ठाविसावा साल." दाजी आतून घसा खाकरत म्हणाले, "बरोबर आसा." तेवढंच. मग आये उठली, टोप उचलला, आणि दारातून मागे वळून, आताच आठवल्यासारखं म्हणाली, "तुजो तो मास्तर. उद्या येवंदे तेका."

मी बाजारातल्या फोनच्या बूथकडे जवळजवळ धावतच गेले. यतीनला म्हटलं, उद्या ये. का म्हणून विचारलं त्याने, तर मला सांगता येईना, मी नुसती ये ये म्हणत राहिले आणि बूथवाला माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मालवणी खाज्याचा पुडा, परीक्षेला बसल्यासारखा. दाजींनी खुर्ची दिली. आये बाजारातून यायची होती. ती आली ती डोक्यावरची रिकामी टोपली ओटीवर आपटून थेट त्याच्या पुढ्यात उभी राहिली. लुगड्याला मासळीचा वास, हाताला खवले. तो उठायला लागला.

"बस," ती म्हणाली. "नाव काय तुजा?"

"यतीन."

"चेडू शिकलेला आसा माजा. तोंडानय तिखट आसा. समाळशीत?"

"हो," तो म्हणाला, आणि ‘हो’ पुरं व्हायच्या आत तिने त्याचा उजवा कान पकडला आणि पिळला. लटका नाही. असा पिळला की तो खुर्चीतून अर्धा उठला.

"गो आये! लगीन खंय झाला अजून?" मी ओरडले.

"तेवा गर्दी आसतली. माका कोण फुडे घेतलो?" तिने कान सोडला नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही, माडांच्या वर कुठेतरी. "ह्या भावाचा काम. माजो झील गेलो. म्हणान मी करतंय."

गेलो. दाजी उठले आणि अनवाणीच खाडीकडे चालते झाले. हा एक शब्द तिने बोलावा म्हणून सहा वर्षं मी देवाला नारळ सांगितले होते, आणि तो आला तेव्हा मला वाटलं, नको, परत घे, आये, परत घे तो, माझं लग्न नको, काही नको, तो भायर सरलाय, संध्याकाळी येईल. मी हे बोलले की नुसतं वाटलं, कोण जाणे. मी ओटीच्या खांबाला धरून लहान पोरीसारखी रडत होते. यतीन तसाच अर्धा उठलेला, कान लालबुंद, कानाच्या पाळीला चांदीचा एक खवला चिकटलेला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखल्याचं होतं की कशाचं, त्यालाही सांगता आलं नसतं. पण त्याने कानाला हात लावला नाही. त्याने आयेचे पाय धरले.

"शिमग्याच्या आदी करा," आये त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "अठ्ठाविसाव्यातच होवंदे." मग माझ्याकडे वळली. "रडतंस काय थंय हुबी रवान? मास्तराक पाणी दी. उन्हातसून इलो आसा तो."